मागचा डावा सड

थंडी पडली की लोकांना काय काय आठवतं. कुणाला शेकोटी, कुणाला मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी, कुणाला आईनं विणलेला स्वेटर. मला ओल्या, खारट केसांचा वास आठवतो. सकाळी उठून चहाचं आधण ठेवते, तर वास हातालाच येतोय असं वाटतं. आता पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या, लिफ्टनं खाली जाऊन भाजी आणणाऱ्या बाईच्या हाताला कसला आलाय जनावराचा वास? पण येतो. साबणानं धुतले तरी दुपारपर्यंत येतो.

यंदा तर आठवण करून द्यायला माझी लेक मला गाडीत घालून घेऊन गेली. पळस्प्याच्या पुढे, हायवेपासून जरा आत, कुणीतरी हौशी माणसानं शेतघर काढलंय. रविवारी शहरातले आईबाप पोरांना घेऊन येतात आणि पोरं जनावरांना खायला घालतात. बकरीला पाला, कोंबड्यांना दाणे आणि सगळ्यात शेवटी, रांग लावून, रेडकाला बाटलीनं दूध. माझ्या नातीनं ती बाटली दोन्ही हातांनी धरली होती. सोनल, म्हणजे माझी लेक, मोबाइलवर फोटो काढत "सो क्यूट, सो क्यूट" करत होती. मी गपचूप रेडकाच्या शेपटीखाली बघून घेतलं. नर होता. जन्माची सवय, जाते थोडीच. नातीनं विचारलं, आजी, याची आई कुठंय? मी म्हटलं, असेल मागे कुठेतरी. मागे गाड्या लावायची जागा होती, बाकी काही नव्हतं.

मी मूळची पनवेल गावातली. वडील शाळेत शिपाई, दोन खोल्यांचं घर, आणि घरात जनावर म्हणाल तर भिंतीवरची पाल. दूध म्हणजे सकाळी दारात येतं ते, एवढंच ज्ञान. लग्न करून दिलं ते पळस्प्याच्या अलीकडच्या एका गावात. थोडी भातशेती, गोठ्यात बैलजोडी, भुरी नावाची दुभती म्हैस, थोरली नावाची भाकड म्हैस, म्हणजे दूध द्यायची कायमची थांबलेली, आणि अंगणभर कोंबड्या. घरात माणसं दोनच, सासू आणि नवरा. हे तळोज्याला एका कारखान्यात पाळीवर जायचे. येताना अंगाला कसलासा उग्र वास घेऊन यायचे, आणि भुरी त्यांना गोठ्याच्या दारात उभं करायची नाही. नाक फुरफुरवून पाठ फिरवायची. मला ते तेव्हा फार गमतीचं वाटायचं. नवरा गोठ्यात पाऊल टाकणार नाही, म्हणजे ते काम कुणाच्या गळ्यात पडणार, हे मला उशिरा कळलं.

सासूला सगळं गाव आय म्हणायचं, मीही म्हणायची. आय जासईकडची, मिठागरवाल्यांची मुलगी. काडीसारखी बाई, पण भाताचा भारा डोक्यावर घेऊन चालली तर मान हलायची नाही. बोलणं मोजकं. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही, आणि कसलाच नियम मोडलेलाही कधी बघितला नाही.

सकाळी उजाडायच्या आधी आम्ही दोघी गोठ्यात. उडवीवर, म्हणजे झोडलेल्या भाताचा पेंढा रचून ठेवतात त्या ढिगावर, दव पडून वरचा थर गार ओला झालेला असायचा. तो सोडून हात कोपरापर्यंत आत खुपसायचा आणि कोरडा पेंढा ओढायचा. आत ऊब असायची, खरीखुरी ऊब, भाकरीच्या टोपलीत असते तशी. मी हात जरा जास्तच वेळ आत ठेवायची. त्या घरात मला मऊ असं काही लागलं असेल तर ते तेवढंच.

खायला घालायचा क्रम ठरलेला. आधी भुरी. तिला कोमट आंबोण, सरकीची पेंड आणि कोंडा रात्रभर भिजवलेला, वर पेंढ्याची मोठी जुडी. मग बैल. भाताची कामं उरकली की बैलांना नुसता पेंढा, पेंड बंद. मग कोंबड्या. आणि शेवटी थोरली. तिला वेगळं काही घालायचंच नाही. भुरीच्या गव्हाणीत जे चघळून उरलं असेल ते उचलून तिच्यापुढे टाकायचं. मी नवी नवी होते, एकदा मूठभर ओली पेंड तिच्यापुढे ठेवली. बिचारीनं जीभ लावली न लावली तोच आयनं तिच्या तोंडाखालची टोपली ओढून घेतली.

"भाकड जनावराला कोन पेंड घालतं गो?" आय म्हणाली. "खाऊन ती तुला काय देनार हाय?"

रागावून म्हणाली असती तर मी रुसले असते, रडले असते, विषय संपला असता. तिनं ते असं सांगितलं जसं कुणी सांगावं, की तांदूळ दोनदा धुवायचा असतो. घरातलं ताटही त्याच हिशेबानं वाढलं जायचं. कमावणारा आधी, काम करणारा त्यानंतर, बाकीच्यांनी टोपाच्या तळाशी बघावं. आय स्वतः सगळ्यात शेवटी जेवायची, हेही खरं. तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं.

मी बाळंतपणाला माहेरी गेले आणि भात कापून, झोडून झाल्यावर परत आले. सोनल अंगावर पीत होती, गुटगुटीत होती. आय पुढे आली, दुपटं वर उचललं, बघितलं आणि दुपटं टाकलं. त्याच आठवड्यात भुरी व्याली. आयनं वाकून रेडकाचं शेपूट उचललं, बघितलं आणि शेपूट टाकलं. नर. माझ्या पोटी नर हवा होता आणि म्हशीच्या पोटी मादी. आम्ही दोघी बाळंतिणींनी मिळून म्हातारीला फसवलं होतं. मला आतल्या आत हसू आलं. हसण्यासारखं त्या हिवाळ्यात तेवढंच होतं.

मादी रेडकू असेल तर तिच्यासाठी कासेच्या चार सडांतला एक न पिळता सोडायचा, अशी आमच्या गोठ्याची रीत. तीन सड घराचे, एक तिचा. कारण ती उद्याची म्हैस. नराला काही नाही. त्याला आईपाशी सोडायचं, दोन धक्के मारू द्यायचे, आणि भुरीला पान्हा फुटला, कास तटतटली, की लगेच दाव्यानं ओढून खुंटाला बांधायचं. मग आय दूध काढायची कासंडी घेऊन खाली बसायची आणि चारी सड कोरडे करायची. पहिला चीकही त्याला मिळाला नाही. त्याचा खरवस झाला, गूळ आणि वेलची घालून. बाळंतीण म्हणून मोठी वडी मला. मी बोटं चाटून खाल्ला.

त्याला कुणी मारलं नाही. मारायला कष्ट पडतात. ते नुसतं होऊ दिलं. ते दावं चघळायचं, भिंतीची माती चाटायचं, मी शेण भरायला वाकले की माझ्या पदराचं टोक तोंडात धरून चोखत बसायचं. पदर ओढून घेतला की त्याची मान पदराबरोबर पुढे यायची, कारण मान धरायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. कानांच्या मागे उवा झाल्या. एका सकाळी पेंढा घेऊन गेले तर ते चारी पाय ताठ करून पडलं होतं. भुरी दावं ताणून त्याच्याकडे बघत होती आणि रवंथ करत होती. दोन्ही एकाच वेळी.

मला वाटलं, आता पुरतील. पण पुरून भागत नाही. रेडकू दिसल्याशिवाय म्हैस दूध सोडत नाही, चोरून धरते. आयनं माणूस बोलावला, त्यानं बांधावर नेऊन कातडं सोडवलं. आयनं त्याला आतून मीठ चोळलं, माहेरचं जाडं मीठ. दोन दिवस वाळवलं. मग अंगणात बसून, त्याच उडवीतला पेंढा त्यात ठासून भरला आणि दाभण आणि सुतळी घेऊन पोट शिवलं, गोणी शिवावी तसं. डोकं होतं, कान होते, पायांच्या जागी बांबूच्या काठ्या. उन्हात उभं करून तिनं ते लांबून न्याहाळलं. म्हणाली, जित्तं होतं त्यापेक्षा जाड दिसतंय.

तेव्हापासून माझं सकाळचं काम बदललं. मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून ते कातडं पुसायचं, उचलून भुरीच्या तोंडापुढे धरायचं, आणि मधूनच त्याचं डोकं तिच्या कासेला धडकवायचं. ती ते चाटायची. आधी कान, मग पाठ, मग पोट. मीठ होतं म्हणून चाटायची की पोर होतं म्हणून, हे तिलाच ठाऊक. चाटता चाटता घशातून बारीक आवाज काढायची आणि कास भरून यायची. खाली आयच्या कासंडीत धारा वाजायच्या. मी ते ओलं धूड छातीशी धरून उभी. तोच तो वास.

आणि नेमकं तेव्हाच माझं दूध आटलं. थंडी वाजून ताप आला, चार-सहा दिवस पडून होते, उठले तेव्हा अंगावर थेंब नव्हता. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हशीचं दूध पाणी घालून पाजा, घरात म्हैस आहे ना? घरात म्हैस होती. दूध घरात नव्हतं. ते कॅनमध्ये ओतलं जायचं आणि दूधवाला सायकलला अडकवून पनवेलला घेऊन जायचा. आय म्हणाली, पोरीला पेज दे, आमची सगळी पेजेवरच वाढली. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, आयला विचार. आयला विचारायचं होतं म्हणून तर तुम्हाला सांगितलं, असं तोंडावर आलं होतं. पण तो माणूस रात्रपाळी करून आला होता, बसल्या जागी त्याचे डोळे मिटत होते. त्याच्याशी भांडायलाही कुणी जागं हवं ना.

तीन महिन्यांचं मूल आणि तांदळाची पेज. सोनलच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली. रडणं बारीक झालं, मग नुसतंच मांजराच्या पिल्लासारखं ऐकू यायचं. सकाळी गोठ्यात असताना तो आवाज आला की भुरी कान टवकारायची, आणि मी माझी छाती चाचपायची. भुरीला पेंढ्याचं पोर बघून पान्हा फुटायचा. मला जिवंत पोर बघून फुटत नव्हता. त्या दिवसांत मी देवाला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आयलाही घातल्या नसतील.

एका सकाळी सोनलला मांडीवर घेऊन पेज भरवत होते. तिनं चमचा जिभेनं बाहेर ढकलला, मान वळवली आणि माझ्या पदराचं टोक तोंडात धरलं. चोखायला लागली. मी पदर हळूच ओढला, तर तिची मान पदराबरोबर पुढे आली.

मी उठले. पेंढ्याचं रेडकू उचललं आणि आतल्या खोलीत भाताच्या कणगीमागे नेऊन ठेवलं. सोनलला कडेवर घेतलं आणि गोठ्यात भुरीपुढे, रोज रेडकू धरून उभी राहायची त्याच जागेवर जाऊन उभी राहिले. आय कासंडी घेऊन बसली होती. तिनं सडाला हात लावला, भुरीनं लाथ झाडली. परत लावला, परत झाडली.

"रेडकू कुटं हाय?"

"ठेवलंय."

आयनं वर बघितलं. माझ्याकडे नाही, कडेवरच्या पोरीकडे.

"मादीला एक सड सोडायचा, ही तुमचीच रीत ना?" मी म्हटलं. "माझ्याकडे पण मादी आहे."

आय अगदी समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "म्हशीची मादी उद्या दूध देईल. तुजी काय देनार?"

रेडकू माझ्याकडे होतं. मी जागची हलले नाही. बाहेर दूधवाल्याची घंटी वाजली, परत वाजली. हे पाळीवरून आले, सायकल भिंतीला लावली, गोठ्याच्या दारात आम्हाला तिघींना बघितलं आणि न विचारता घरात गेले. भुरीची कास दगडासारखी झाली होती. ती पाय बदलत होती, हंबरत होती, तिला दुखत होतं ते मला दिसत होतं. दुखू दे, असं मी मनात म्हणत होते. माझं दुखलं तेव्हा कोण हंबरलं? त्या मुक्या जनावराचा यात काय दोष होता? काहीच नव्हता. पण माझ्या हातात तेवढीच एक दोरी होती आणि ती तिच्या कासेला बांधलेली होती.

शेवटी आय म्हणाली, "आन. पुढचा उजवा तिचा."

पुढच्या सडांना दूध कमी, मागच्यांना जास्त. एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

"मागचा," मी म्हटलं.

आयनं कासंडी मांडीवरून उचलून परत घट्ट धरली. "मागचा डावा," ती म्हणाली. आणि मी रेडकू आणलं.

एक मात्र सांगायला हवं. त्या दिवसापासून आयनं एकदाही फसवलं नाही. तीन सड कासंडीत, चौथ्याची धार वेगळ्या पितळी पेल्यात. हात तेवढाच घट्ट, शेवटच्या थेंबापर्यंत. पेला माझ्या हातात द्यायची नाही, जमिनीवर ठेवायची. सोनलचे गाल महिन्याभरात भरले. आय तिला नावानं हाक मारायची नाही, पण कुणी विचारलं तर म्हणायची, ती मागच्या डाव्याची. गोठ्याच्या हिशेबात पोर एकदाची धरली गेली होती.

त्या वर्षीच्या थंडीचं हे एवढंच असतं तर मी ही गोष्ट लोकांना हसून सांगितली असती. पण शिमगा जवळ आला, थंडी सरत आली, आणि रोज चाटून चाटून रेडकाच्या पोटाचं कातडं विरलं. एका सकाळी भुरीची जीभ तिथून फिरली आणि शिवण उसवली. पेंढा बाहेर आला. भुरी थांबली, हुंगलं. मग दातांत धरून ओढला आणि खायला लागली. आपल्या पोराच्या पोटातला पेंढा, मुकाट्यानं, डोळे अर्धे मिटून, गव्हाणीतला खावा तसा. मी धूड टाकून पळणार होते. आय खालून म्हणाली, खाऊ दे, पान्हा येतोय. आणि खरंच येत होता. धारा वाजत होत्या. मी ते रिकामं होत चाललेलं कातडं धरून उभी राहिले, आणि मागच्या डाव्याची धार पेल्यात पडेपर्यंत हलले नाही. दूध भरलं, मी पोरीला पाजलं. दुपारी आयनं परत पेंढा भरून पोट शिवलं.

पुढे भुरी आटली आणि विकली गेली. थोरली त्याआधीच एका पावसाळ्यात गेली. नव्वद सालानंतर आमच्याकडची जमीन हळूहळू सरकारी कामात गेली, बैल गेले, गोठ्यात सिमेंटच्या गोण्या आल्या. ते कातडं माळ्यावर होतं, उंदरांनी खाल्लं. मला वाटलं, जनावरांना खायला घालायच्या सकाळी संपल्या.

मग आयला अर्धांग झालं. एक बाजू गेली, तोंड वाकडं झालं, आणि सकाळी उठून कुणाला तरी भरवायचं काम परत माझ्याकडे आलं. सोनल तेव्हा शाळेत जायला लागून बरीच वर्षं झाली होती, दोन वेण्या, उंच, धट्टीकट्टी. मी कोमट दुधाची वाटी घेऊन आयच्या उशाशी बसले, तर तिनं ओठ मिटून घेतले. हे म्हणाले, तिला दुधाचा वास नको असेल. मला माहीत होतं वास नको असं नाही. जन्मभर दुधात हात घातलेली बाई. मी परत चमचा नेला. तेव्हा तिनं वाकड्या तोंडातून, एकेक शब्द ढकलत सांगितलं.

"भाकड जनावराला कोन पेंड घालतं? पोरीला दे."

मला तिची दया आली असं इथे लिहायला बरं दिसलं असतं. मला राग आला. एवढा आला की वाटी भिंतीवर फेकावी. म्हणजे ही बाई जाताजाताही आपलंच खरं करून जाणार. थोरलीपुढची टोपली ओढली तेही बरोबर, रेडकू मेलं तेही बरोबर, माझी पोर वाळली तेही बरोबर, कारण बघा, मी माझ्यावरही तोच नियम चालवला. तिला असं सुटू द्यायला मी काही देवमाणूस नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दुधाच्या वाटीबरोबर आणखी एक वाटी घेतली आणि तिच्यात पाण्यात मीठ विरघळवलं. जाडं, जासईकडचं. बोट बुडवून तिच्या मिटलेल्या ओठांवरून फिरवलं. जीभ तिला न विचारता बाहेर आली आणि ओठ चाटायला लागली. तेवढ्यात मी दुधाचा चमचा आत घातला. तिला गिळावं लागलं. परत मीठ, परत चमचा. ती माझ्याकडे बघत होती. काय चाललंय ते तिला कळत होतंच, ती विद्या तिचीच होती. रोज सकाळी आधी मीठ, मग दूध, अख्खी वाटी, शेवटच्या थेंबापर्यंत. तशी ती आणखी एक हिवाळा जगली.

शेवटी शेवटी तिला बोलता येईनासं झालं. एका सकाळी मी वाट्या घेऊन बसले, अजून बोट बुडवलंही नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि स्वतःहून जीभ बाहेर काढली.

मी मीठ तरीही लावलं.